आधी कापड ओळखा, मग ठिगळ लावा
हवेच्या बोटीची दुरुस्ती करण्यापूर्वी काय पाहावं, कोणता गोंद घ्यावा

गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस बालाघाट जिल्ह्यात, कटंगीतल्या एका पंक्चरच्या दुकानापुढे आम्ही हवेची एक बोट उलगडली. करड्या रंगाची, चार माणसं बसतील एवढी. डाव्या नळीवर दोन इंचांचा काप गेलेला. दुकानदाराचं निम्मं आयुष्य ट्रॅक्टर आणि ट्रकच्या ट्यूब जोडण्यात गेलं आहे. त्याने कापाभोवतीची जागा कानशीने घासली, सोल्युशन लावलं, सुकू दिलं, वर पॅच ठेवून हातोडीने ठोकला. संध्याकाळी हवा भरली तेव्हा ती थांबली. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं आणि पॅचचा एक कोपरा उचलला. नखाने जरा ओढताच अख्खा पॅच दुधावरच्या सायीसारखा निघून हातात आला. सोल्युशन पॅचच्या पाठीला तसंच चिकटलेलं होतं आणि खालची नळी अगदी कोरी होती.

कारागिराचा हात सफाईदार होता, सोल्युशन ताजं होतं. पण ती बोट रबराची नव्हती, पीव्हीसीची होती. बोट कशाची आहे हे आमच्यापैकी कुणीच आधी पाहिलं नव्हतं. तो पॅच खोल पाण्यात सुटला असता तर काय झालं असतं, या विचाराने मी हा लेख लिहायला बसलो.

आपल्या भागात पाणी भरपूर आहे. बावनथडी बालाघाट आणि भंडारा जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहत जाऊन वैनगंगेला मिळते. तिच्यावर मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांचा संयुक्त राजीव सागर प्रकल्प आहे. तलाव आणि बोड्या गावोगावी आहेत. ढीवर समाजाचा लाकडी डोंगा इथे पिढ्यान्‌पिढ्या चालतो, आणि ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळं टाकणारेही दिसतात. आता त्यांत हवेच्या बोटींची भर पडली आहे. 2020 च्या ऑगस्ट अखेरीस वैनगंगेला महापूर आला, बालाघाटपासून गोंदिया, भंडारा आणि खाली गडचिरोलीपर्यंत पाणी पसरलं. त्या वेळी बचाव पथकांच्या नारिंगी बोटी लोकांनी जवळून पाहिल्या. त्यानंतर ग्रामपंचायती, मंडळं, मासेमारी करणारे आणि हौशी तरुण अशा बोटी घेऊ लागले आहेत. बोट आली की कधीतरी ती फाटणारच, आणि ती पहिल्यांदा पंक्चरच्या दुकानात जाणार. म्हणून दुकानदारांनी आणि बोटवाल्यांनी पुढचं सगळं समजून घेतलं पाहिजे.

चार जाती

हवेच्या सगळ्या बोटींना आपण सरसकट ‘रबरी बोट’ म्हणतो. खरं रबर त्यांतल्या फार थोड्या बोटींत असतं. दुरुस्तीच्या दृष्टीने चार जाती लक्षात ठेवाव्यात.

पहिली जात पीव्हीसीची. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बोटी हिच्यातल्या. पॉलिस्टरच्या विणलेल्या कापडावर दोन्ही बाजूंनी पीव्हीसीचा लेप दिलेला असतो. ट्रकवरची जाड ताडपत्री किंवा चौकातलं फ्लेक्सचं बॅनर हे याच कुळातलं आहे. बोटीचं कापड फक्त जास्त जाड आणि घट्ट असतं. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं एक द्रव्य मिसळतात, त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. हे द्रव्य वर्षानुवर्षं हळूहळू पृष्ठभागाकडे सरकत राहतं. आमचा पॅच सुटायला तेही एक कारण होतं.

दुसरी जात हायपेलॉनची. हे एक कृत्रिम रबर आहे, त्याचं तांत्रिक लघुनाम सीएसएम. अमेरिकेतल्या ड्युपॉन्ट कंपनीने ते ‘हायपेलॉन’ या नावाने विकलं आणि 2010 मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं. इतर कंपन्या आजही सीएसएम बनवतात, म्हणून जुन्या बोटीच्या कागदावर ‘हायपेलॉन’ आणि नव्या बोटीच्या कागदावर ‘सीएसएम’ लिहिलेलं दिसेल. दोन्हींची दुरुस्ती एकच. या कापडाच्या बाहेरच्या बाजूला हायपेलॉन आणि आतल्या बाजूला बहुधा निओप्रीन असतं. ऊन, पेट्रोल आणि घासणं हे कापड चांगलं सोसतं. ते महाग असतं, म्हणून बचावकार्यासाठी आणि रोजच्या कडक वापरासाठी बांधलेल्या बोटींत जास्त आढळतं.

तिसरी जात साध्या, कापड नसलेल्या विनाइलची. हेही पीव्हीसीच, पण आत धाग्यांची वीण नसते. मुलांचे पोहण्याचे तलाव, हवेच्या गाद्या आणि स्वस्तातल्या छोट्या बोटी याच्या असतात. ओढलं की ते ताणतं.

चौथी जात साध्या रबराची. जुन्या रबरी बोटी आणि ट्रकच्या ट्यूब हिच्यात येतात. ट्यूब ब्यूटाइल रबराची असते. पंक्चरच्या दुकानातलं सोल्युशन आणि पॅच यांच्यासाठीच बनवलेले आहेत आणि त्यांवर ते उत्तम चालतात.

पॉलियुरेथेनचा लेप दिलेलं कापडही असतं, पण आपल्याकडे ते क्वचितच दिसेल. त्यालाही पुढे पीव्हीसीसाठी सांगितलेला पॉलियुरेथेनचाच (पीयू) गोंद लागतो, त्यामुळे तिथे ओळख चुकली तरी काम बिघडत नाही.

ओळखायचं कसं

सुरुवात कागदापासून करा. बोटीच्या मागच्या फळीवर किंवा नळीवर एक पाटी असते. तिच्यावर माणसं किती, इंजिन किती ताकदीचं आणि हवा किती भरायची हे लिहिलेलं असतं. कापडाचं नाव तिथे असेलच असं नाही, पण खरेदीच्या पावतीवर किंवा पुस्तिकेत बहुधा सापडतं. ‘पीव्हीसी 0.9 मिमी’ किंवा ‘1000 डेनियर’ अशी नोंद दिसली तर आत कापड असलेलं पीव्हीसी समजा. डेनियर हे धाग्याच्या जाडीचं माप आहे. कागद हरवले असतील तर पुढच्या पाच गोष्टी क्रमाने पाहा.

1. आतली बाजू. सगळ्यात भरवशाची खूण हीच. हवा सोडून व्हॉल्व्ह उघडा आणि टॉर्च लावून आत पाहा. काप मोठा असेल तर त्याची कड हळूच उलटा. बाहेर जसं गुळगुळीत प्लास्टिक, तसंच आतही असेल तर पीव्हीसी. बाहेर एक रंग आणि आत वेगळा काळा, करडा किंवा तपकिरी, रबरासारखा निस्तेज थर असेल तर हायपेलॉन. आत धागेच नसतील आणि कड ओढल्यावर ताणत असेल तर साधं विनाइल.

2. सांधे. नळीचे तुकडे जिथे जुळतात तिथे पाहा. सांध्यावर उष्णतेने दाबल्याचा पट्टा किंवा जाळीसारखी नक्षी दिसली तर बोट पीव्हीसीची आहे. पीव्हीसी तापवून वितळतं आणि एकजीव होतं. हायपेलॉन एकदा पक्कं झालं की पुन्हा वितळत नाही, म्हणून त्याचे सांधे नेहमी गोंदानेच जोडलेले असतात. याची उलट बाजू मात्र धरू नका. गोंदाने जोडलेल्या पीव्हीसी बोटीही असतात, त्यामुळे गोंद दिसला एवढ्यावरून हायपेलॉन ठरत नाही.

3. वास आणि स्पर्श. नव्या रेनकोटसारखा वास पीव्हीसीचा. सायकलच्या ट्यूबसारखा वास रबराच्या जातीचा. जुनं पीव्हीसी उन्हाने चिकट होतं, हात लावला की ओढल्यासारखं वाटतं. जुन्या हायपेलॉनवर खडूसारखी पूड येते, पांढरा कपडा घासला तर त्यावर बोटीचा रंग उतरतो.

4. पॉलिश पेपर. फळीखालची किंवा नजरेआडची नखाएवढी जागा निवडा आणि पॉलिश पेपर दोन-तीनदा हलका फिरवा. हायपेलॉन लगेच निस्तेज होतं आणि त्याची रंगीत भुकटी पडते. पीव्हीसीवर चरे उठतात, पण चकाकी बरीचशी टिकते. साध्या विनाइलवर हा प्रयोग करू नका, ते पातळ असतं.

5. ॲसिटोन. एवढं करूनही शंका राहिली तर कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब ॲसिटोन घ्या आणि आडोशाच्या जागी पुसा. अर्ध्या मिनिटाने अंगठा टेकवा. चिकट लागलं तर पीव्हीसी. रंग थोडा निघाला पण चिकटपणा आला नाही तर हायपेलॉन. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका. काहींत ॲसिटोन नसतंच, आणि काहींत तेल असतं. ते तेल नंतर गोंद धरू देत नाही.

जाळून पाहायची पद्धत आपल्याकडे फार आहे, ती इथे वापरू नका. तांब्याची तार तापवून प्लास्टिकला लावली आणि ज्योत हिरवी झाली की पीव्हीसी, असं सांगितलं जातं. ही हिरवी ज्योत क्लोरीनमुळे येते, आणि क्लोरीन हायपेलॉनमध्ये आणि निओप्रीनमध्येही आहे. तिन्हींवर ज्योत हिरवीच होईल आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. शिवाय पीव्हीसी जळताना निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू घसा आणि डोळे भाजतो.

कोणत्या कापडाला काय

आत कापड असलेल्या पीव्हीसीला पीव्हीसीचंच ठिगळ आणि पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा, दोन भागांचा गोंद. एका डब्यात गोंद असतो, छोट्या बाटलीत त्याला पक्कं करणारा हार्डनर. प्लास्टिसायझरला हा गोंद दाद देत नाही.

हायपेलॉनला हायपेलॉनचं ठिगळ आणि निओप्रीन जातीचा, दोन भागांचा गोंद. हाच गोंद पीव्हीसीवर लावला तर सुरुवातीला चांगला धरतो. पुढे प्लास्टिसायझर त्यात शिरतं, गोंद मऊ पडतो आणि ठिगळ सरकतं.

साध्या विनाइलला विनाइलचं ठिगळ आणि विनाइलचा एकाच नळीतला गोंद. तो वरचा थर किंचित विरघळवून जोडतो, म्हणून पातळच लावावा. जास्त झाला तर भोकच मोठं होतं.

रबराला आणि ट्यूबला आपलं नेहमीचं सोल्युशन आणि पॅच.

तातडीसाठी चिकटपट्टीची ठिगळंही मिळतात, पण त्यांतही जात पाहावी लागते. ‘टीअर-एड’ नावाच्या पट्टीचे दोन प्रकार आहेत. ‘ए’ प्रकार कापडाला आणि रबराला, ‘बी’ प्रकार विनाइलला. पाकिटावरचं अक्षर वाचूनच घ्या.

हार्डवेअरच्या दुकानात आपल्यासमोर जे ठेवलं जातं त्याबद्दलही सांगतो. फेविक्विक सुकल्यावर काचेसारखा कडक होतो आणि बोट घडी करताच तडकतो. एम-सील आणि अराल्डाइट हे इपॉक्सी, तेही कडक. प्लंबरचं पीव्हीसी सोल्युशन नाव ऐकून घ्यावंसं वाटेल, पण ते नळाच्या ताठ पाइपसाठी आहे. वाकणाऱ्या कापडावर त्याचा थर फुटतो. लाकडाचा पांढरा फेविकॉल पाण्यापुढे टिकत नाही. फेविकॉल एसआरसारखे पिवळे गोंद निओप्रीन जातीचे आहेत, पण हार्डनरशिवाय ते उन्हाने मऊ पडतात. हवा भरलेल्या नळीचा भार त्यांच्यावर टाकू नका. गावात पीयू गोंद मिळत नसेल तर बूट-चपलांचं सामान विकणाऱ्या ठोक दुकानात विचारा, तळवे चिकटवायला तो वापरतात. मात्र डब्यावर पॉलियुरेथेन लिहिलेलं आहे आणि सोबत हार्डनर आहे, हे पाहूनच घ्या. निळी-पिवळी स्वस्त प्लास्टिक ताडपत्री ठिगळासाठी कापू नका. ती पॉलिथिनची असते आणि तिला यांतला कोणताही गोंद धरत नाही.

ठिगळ लावताना

आधी गळती नक्की कुठे आहे ते शोधा. साबणाचं पाणी आधी व्हॉल्व्हवर लावा, मग सांध्यांवर, शेवटी नळीवर. पुष्कळदा व्हॉल्व्हमध्ये वाळूचा एक कण अडकलेला असतो आणि गोंदाची गरजच पडत नाही.

बोट रिकामी करा, सपाट पसरा आणि पूर्ण वाळू द्या. ठिगळ कापाच्या चारही बाजूंनी 5 सेंटिमीटर पुढे येईल एवढं घ्या आणि त्याचे कोपरे गोल कापा. टोकदार कोपरा नेहमी आधी उचलतो. ठिगळ जागेवर ठेवून पेन्सिलने कडा आखा. हायपेलॉन असेल तर बोटीचा भाग आणि ठिगळाची गोंद लावायची बाजू पॉलिश पेपरने निस्तेज होईपर्यंत घासा, धागे उघडे पडण्याआधी थांबा, मग टोल्यूइनने पुसा. पीव्हीसी घासण्याची फारशी गरज नसते, ॲसिटोनने पुसून घ्या. पुसल्यानंतर तिथे हात लावू नका, हाताचं तेल लागतं. आमच्यासारखं आधी चुकीचं सोल्युशन लागलेलं असेल तर त्याचा शेवटचा कणही काढावा लागतो. नवा गोंद जुन्या गोंदावर बसला तर दोन्ही एकत्र सुटतात. आमची तर एक अख्खी दुपार हे खरवडण्यात गेली.

गोंद आणि हार्डनर यांचं प्रमाण डब्यावर दिलेलं असतं, अंदाजाने मिसळू नका. दोन्ही बाजूंना पातळ हात द्या, सुकू द्या, मग दुसरा हात. तोही जवळजवळ सुकला, अंगठ्याला किंचित ओढ लागली, की ठिगळ एका कडेकडून टेकवत न्या आणि मधून बाहेर रोलर किंवा बाटली जोर देऊन फिरवा. किमान 24 तास हवा भरू नका. पूर्ण दाबाआधी डब्यावर सांगितलेले दिवस जाऊ द्या. काप चार सेंटिमीटरांहून लांब असेल तर आतूनही ठिगळ लागतं. सांधाच उसवला असेल किंवा फाट हातभर असेल तर हे काम जाणकाराकडेच द्या.

दार-खिडक्या उघड्या ठेवा, जवळ विडी-काडी किंवा शेगडी नको, हातमोजे घाला. हार्डनरची वाफ फुप्फुसांना घातक असते. मुलांना तिथे उभं करू नका.

आपलं हवामान

हे काम पावसाळ्यात करू नका. गोंदातलं द्रावण उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर धुक्यासारखं बसतं. गोंद पांढुरका दिसू लागला की समजा, तो हात वाया गेला. आपल्याकडे नोव्हेंबर ते मार्च हा उत्तम काळ, सावलीत, दुपारच्या कोरड्या हवेत. बोट पुरासाठी ठेवलेली असेल तर तिची तपासणी होळीच्या आत उरका. उघडलेला हार्डनर हवेतला ओलावा शोषून घट्ट होतो, म्हणून मागच्या वर्षीची अर्धी बाटली जपून ठेवण्यात अर्थ नाही.

हवा किती भरायची हेही त्याच तपासणीत ठरवा. बहुतेक बोटींच्या नळ्यांना 0.2 ते 0.25 बार, म्हणजे तीन-साडेतीन पौंड हवा पुरते. मोटारीच्या टायरला तिच्या जवळपास दहापट लागते, म्हणून पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर बोटीला थेट लावू नका, पायाचा पंप वापरा. आणि उन्हाचा हिशेब ठेवा. पहाटे 20 अंशांत 0.2 बार हवा भरून बोट दुपारी 45 अंशांच्या उन्हात काठावर पडली, तर आतला दाब 0.3 बारच्या घरात जातो, म्हणजे दीडपट. नवं ठिगळ अशाच वेळी उचलतं. उन्हात ठेवायची असेल तर थोडी हवा सोडा, किंवा झाडाखाली ओढा.

विनाइलच्या स्वस्त बोटीबद्दल शेवटचं. ती कितीही चांगली जोडली तरी उथळ, थांबलेल्या पाण्यातल्या खेळासाठीच आहे. तिला धरणात किंवा वाहत्या नदीत नेऊ नका. आणि बोट कोणतीही असो, अंगात लाइफ जॅकेट असल्याशिवाय पाण्यात उतरू नका.

आमची बोट पुढे पीयू गोंदाने जोडली आणि ते ठिगळ आजही तसंच आहे. काम झाल्यावर त्या दुकानदाराने स्वतः तिच्या मागच्या फळीवर पक्क्या मार्करने दोन ओळी लिहिल्या. पहिल्या ओळीत ‘पीव्हीसी, पीयू गोंद’, दुसऱ्या ओळीत दुरुस्तीची तारीख. तुमच्याकडे, तुमच्या मंडळाकडे किंवा ग्रामपंचायतीकडे हवेची बोट असेल तर या आठवड्यात ती उलगडा, कापड ओळखा आणि तिच्या फळीवरही या दोन ओळी लिहा. उद्या पुराच्या रात्री ती बोट अनोळखी माणसाच्या हातात असेल, आणि तिच्याबद्दल त्याला जे माहीत असायला हवं ते त्याला तिथेच वाचायला मिळेल.